खांद्याला बसेल तीच बंदूक



आपल्या वस्तीतील मुले-मुली आता ट्रॅप आणि स्कीट या नेमबाजीच्या प्रकारांविषयी विचारू लागली आहेत. त्यावर वडीलधारी म्हणतात, "पंचशील घेतलेल्या घरात बंदूक कशाला?" प्रश्न रास्त आहे. १९०० साली पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरे सोडून ती टिपण्याची स्पर्धा झाली होती. आज ऑलिम्पिकमध्ये उडते ती ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी. म्हणायला मातीची, पण बनते डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची. या खेळात प्राणिहत्या नाही. कसोटी लागते ती नजरेची आणि मनाच्या एकाग्रतेची.

दुसरा प्रश्न पैशाचा. स्पर्धेच्या दुनळीपेक्षा एकनळी अर्धस्वयंचलित बंदूक बहुधा स्वस्त पडते, म्हणून नवशिके तिच्याकडे वळतात. ती निवडताना नावाला भुलू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, दस्ता. बंदूक खांद्याला लावल्यावर मान न वाकवता गाल दस्त्यावर टेकला पाहिजे आणि नजर सरळ नळीवरून गेली पाहिजे. मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता मुलीच्या खांद्याला लांब पडतो.

दुसरी, धक्का. काही बंदुका काडतुसाच्या वायूवर चालतात. थोडा वायू नळीच्या छिद्रातून दट्ट्याला ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे आत येते. अशा बंदुकीचा धक्का सौम्य, पण काजळी साचते म्हणून साफसफाई वरचेवर करावी लागते. काही बंदुका धक्क्याच्याच जोरावर चालतात. त्या आतून स्वच्छ राहतात, पण खांद्याला जास्त जाणवतात.

तिसरी, काडतूस. ऑलिम्पिक प्रकारात २४ ग्रॅम छर्ऱ्यांचे हलके काडतूस वापरतात. शिकारीच्या जड काडतुसांसाठी बनवलेली बंदूक हलक्या काडतुसावर अडकू शकते. पंचवीस बार उडवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चौथी, सुरक्षितता. दुनळी मोडून धरली की ती रिकामी आहे हे चारचौघांना दिसते. अर्धस्वयंचलित बंदुकीत तसे दिसत नाही. म्हणून रेंजवर तिचा खटका मागे ओढून, कोठी उघडी ठेवूनच चालावे. रिकामे काडतूस बाजूच्या नेमबाजावर उडते, याचेही भान ठेवावे.

आता हिशेब. बंदूक एकदाच घ्यावी लागते, काडतुसे मात्र रोज लागतात. एका फेरीत २५ तबकड्या, आणि ट्रॅपमध्ये एका तबकडीला दोन बार उडवता येतात. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. अर्धस्वयंचलित बंदुकीला कोणत्या वर्गाचा परवाना लागेल, हे परवाना कार्यालयात आधीच विचारावे.

म्हणून पतपेढीचे कर्ज काढून किंवा आईचे दागिने गहाण टाकून बंदूक घेऊ नका. आधी रेंजवरच्या बंदुकीने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिका. बाबासाहेबांच्या जन्मगावी, महूला, सैन्याचे मार्क्समनशिप युनिट आहे. २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड हेही सैन्यातील अधिकारीच होते. गुण असेल तर असे मार्गही आहेत. आधी मुलाचा हात तयार होऊ द्या, बंदूक नंतर घेता येईल.

जयभीम!