शिळे नव्हे, राखीव

देगलूरची बाळंतीण घरी आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ नांदेडच्या रुग्णालयात, अशा वेळी आईने काढून पाठवलेले दूध हाच त्या बाळाचा मोठा आधार असतो. मात्र शिळे वर्ज्य मानणाऱ्या घरात ‘रात्रीचे दूध सकाळी कसे पाजावे?’ ही शंका उठते. नियमाने राखलेले हे दूध शिळे नसते.

हात साबणाने धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढावे. 25 अंशांपर्यंत ते चार तास टिकते. आपल्या उन्हाळ्यात तेवढेही नाही. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूस, ते 24 तास राहते. भांड्यावर आईचे नाव, तारीख, वेळ लिहावी. जुना माल आधी काढावा, हा दुकानाचा नियम येथेही पाळावा. सुमारे 80 किलोमीटरच्या वाटेवर बर्फाची पेटी हवी. दूध उकळू नये. बाकी परिचारिका सांगेल ते प्रमाण.

आईचे दूध अपुरे पडले तर? 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. पेढी हा शब्द व्यापाऱ्याला परका नाही; ही पेढी आहारदानाची आहे.