मोबाईलमधला सावकार आणि ‘मर्जी’चा बनाव

“कोणी सांगितलं होतं कर्ज घ्यायला?” लोन ॲपच्या जाचाने एखाद्या तरुणाने जीव दिला की हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर आंबेडकरी चळवळीने द्यायला हवं.

आधी हिशोब मांडू. ॲपवर ५००० रुपये मंजूर होतात. ‘प्रोसेसिंग फी’ कापून हातात ३५०० पडतात आणि सातव्या दिवशी ५००० भरायचे असतात. म्हणजे आठवड्याला जवळपास ४३ टक्के, वर्षाला दोन हजार टक्क्यांच्याही वर! पैसे थकले की फोनमधल्या प्रत्येक नंबरवर बदनामीचे मेसेज जातात. जुना सावकार जमीन, भांडी गहाण ठेवायचा. हा अब्रू गहाण ठेवतो.

मर्जीने घेतलं ना? बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये या ‘मर्जी’चा बुरखा फाडला आहे. ज्याच्या हाताला काम नाही, त्याला मिळेल त्या अटीवर राबावं लागतं. त्याचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात. कर्जालाही हेच लागू. आई दवाखान्यात, खिसा रिकामा आणि बँक जामीनदार मागते. अशा वेळी दाबलेलं ‘आय ॲग्री’चं बटण ही मर्जी नव्हे, मजबुरी आहे.

कायदा काय करतो? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक दर आधी सांगावा लागतो, फोनमधल्या संपर्क यादीला हात लावता येत नाही. बेकायदा ॲप हे मानतच नाहीत. नोंदणीकृत कंपन्यांच्या व्याजालाही ठरलेली कमाल मर्यादा नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात शासन व्याजदर ठरवतं. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. गावच्या सावकाराला लगाम, कंपनीला मोकळं रान!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सगळी शुल्कं धरून वार्षिक दराला केंद्राने कायद्याने कमाल मर्यादा घालावी. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने तातडीची छोटी कर्जं जामिनाच्या फेऱ्याशिवाय, काही दिवसांत द्यावीत.

तोवर आपलं काम वस्तीत आहे. विहारात आठवड्यातून एक दिवस मदत केंद्र चालवा. धमक्यांचे स्क्रीनशॉट जपायला सांगा, १९३० वर तक्रार करा, सोबत पोलीस ठाण्यात जा. आणि कुणाच्या बदनामीचा मेसेज तुमच्या फोनवर आला तर कुजबुजू नका, त्याचं दार ठोठवा. हा धंदा आपल्या लाजेवर चालतो. ती लाज आपण एकत्र मिळून झुगारली की वसुलीवाल्याच्या हातातलं हत्यारच गळून पडतं.

जय भीम!