फुकटची इंटर्नशिप कुणाला परवडते?

गेल्या वर्षी जानेवारीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत ती आमच्या उर्दू शाळेत होती, मी तिला मराठी शिकवायचे. आता सोलापुरातच बी.एस्सी. करतेय, मायक्रोबायॉलॉजी. तिच्या हातात एक छापील कागद होता. एका खासगी प्रयोगशाळेची पुण्यातली उन्हाळी इंटर्नशिप, मुदत दोन महिने. मानधनाच्या रकान्यात नुसती रेघ. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की नोंदणी आणि प्रमाणपत्रासाठी विद्यार्थ्यानं सहा हजार रुपये भरायचे. राहण्या-जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं.

"टीचर, जाऊ का?" तिनं विचारलं.

मी उलट विचारलं, "मे महिन्यात मेंदीचे किती होतात?"

ही मुलगी मेंदी फार सुंदर काढते. एप्रिल-मे म्हणजे लग्नांचा सीझन, आणि त्या दोन महिन्यांत तिचे आदल्या वर्षी अठरा हजार झाले होते. त्यातून कॉलेजची फी, बसचा पास आणि धाकट्या भावाचा क्लास. अब्बा यंत्रमागावर कामाला, मालकानं पाळी कमी केली की पगारही कमी. आम्ही तिच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बुडणारे अठरा हजार, भरायचे सहा, पुण्यात खोली आणि मेसचे कमीत कमी चौदा. अडतीस हजार रुपये खर्चून ही मुलगी दोन महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणार आणि शेवटी एक रंगीत कागद घेऊन परत येणार. तिनं वही मिटली. चहा पिऊन गेली.

मी भाषेची शिक्षिका. बी.एड. करून वीस वर्षं कर्ता-कर्म-क्रियापद शिकवतेय, प्रयोगशाळेशी माझा संबंध शून्य. पण ती मिटलेली वही काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागले. वाचता वाचता अमेरिकेतल्या एका मुलीपाशी येऊन थांबले.

किझमेकिया कॉर्बेट हे नाव कोविडच्या काळात अनेकांनी वाचलं असेल. मॉडर्ना कंपनीची लस ज्या संशोधनावर उभी राहिली, ते करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एनआयएचमधल्या, चमूत ही कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ पुढे होती. ती वाढली नॉर्थ कॅरोलिनातल्या हिल्सबरो नावाच्या छोट्या गावात. शाळेत असतानाच तिला उन्हाळ्यात विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. काम म्हणजे पगारी काम. अमेरिकन केमिकल सोसायटीची 'प्रोजेक्ट सीड' नावाची योजना आहे, 1968 पासूनची. कमी उत्पन्नाच्या घरातल्या शाळकरी मुलांनी उन्हाळ्यात संशोधन करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, एवढीच तिची कल्पना. पुढे कॉर्बेट मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठात मायरहॉफ शिष्यवृत्तीवर शिकली आणि त्या काळातले काही उन्हाळे तिनं एनआयएचमध्ये काढले.

मायरहॉफची कथाही वाचण्यासारखी आहे. 1988 मध्ये मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून आणि फ्रीमन राबाउस्की या गणिताच्या प्राध्यापकाच्या खटपटीतून ती सुरू झाली. हे राबाउस्की पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. सुरुवातीला ती फक्त कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी होती, मग मुलींसाठी खुली झाली, आणि 1996 पासून सर्वांसाठी. तिथे मुलांना पैसे देऊन विसरून जात नाहीत. मुलं एकत्र राहतात, एकत्र अभ्यास करतात, उन्हाळ्यात त्यांना प्रयोगशाळेत पाठवलंच जातं. एनआयएचची आणखी एक शिष्यवृत्ती होती, गरीब घरातल्या पदवीच्या मुलांसाठी, वर्षाला वीस हजार डॉलरपर्यंत. अट अशी, की उन्हाळ्यात दहा आठवडे आमच्याकडे पगारावर काम करा आणि पदवीनंतर जितकी वर्षं शिष्यवृत्ती घेतली तितकी वर्षं इथेच नोकरी करा. मला तो करार फार आवडला. त्यात खैरातीचा वास नाही.

आता कुणी म्हणेल, हुशार मुलं असतील तर आपोआप वर येतील, त्यासाठी वेगळी दारं कशाला? याला अमेरिकेतलंच उत्तर आहे. 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. एनआयएचकडे संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या शास्त्रज्ञांचे अर्ज तपासले होते. शिक्षण, अनुभव, छापून आलेलं काम असं सगळं जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदाराला पैसे मिळण्याची शक्यता गोऱ्या अर्जदारापेक्षा दहा टक्क्यांच्या अंकांनी कमी निघाली. म्हणजे पीएच.डी. होऊन प्राध्यापक झाल्यावरसुद्धा. मग एकोणिसाव्या वर्षी, खिशात काही नसताना काय होत असेल?

शिवाय हा प्रश्न फक्त त्या मुलांचा नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वाचला आहे. आमच्या मोहल्ल्यात चार घरांत मिळून एकच यंत्र फिरत होतं. त्याच्या आधी, डिसेंबर 2020 मध्ये, एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन 88 च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत शंभरात तीन-चार होतं आणि कृष्णवर्णीयांत अकरा-बारा. हे यंत्र बोटातून प्रकाश पाठवून आकडा काढतं आणि गडद त्वचेत त्याचा अंदाज चुकतो. बरं, हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. 1990 मध्येच तसं दिसून आलं होतं. तीस वर्षं ती गोष्ट कागदात पडून राहिली. ज्यांच्या घरात ती माणसं मरत होती, त्यांच्यातले किती जण त्या यंत्राच्या चाचण्या ठरवणाऱ्या खोलीत होते? गडद बोटाचा माणूस खोलीत असता तर चूक लगेच सुधारली असती, असा दावा मी करत नाही. पण त्यानं तीस वर्षं गप्प बसू दिलं नसतं, असं मला वाटतं.

आता तिकडेही दारं बंद होत आहेत. 2025 मध्ये एनआयएचनं आपला उन्हाळी कार्यक्रमच त्या वर्षापुरता रद्द केला आणि वंचित गटांना संशोधनात आणणाऱ्या योजनांवर कुऱ्हाड आली. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं, तेव्हा मला जसं वाटलं, तसंच तिकडच्या कुणा शिक्षिकेला वाटलं असेल.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दरमहा मानधन असतं आणि जाण्या-येण्याचं रेल्वेभाडं मिळतं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची अशीच योजना आहे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीही आहे. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती तर 1979 पासून चालू आहे. वीस वर्षांच्या नोकरीत यातलं एकही नाव माझ्या कानावर आलं नव्हतं, आणि मी ज्या मुलांना शिकवलं त्यांच्याही नाही. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात मात्र ही नावं पहिल्या वर्षापासून कँटीनमध्ये फिरत असतात.

अडचण नाव कळण्यापुरतीच नाही. रेल्वेभाडं मिळतं, पण नंतर. आयसीएमआरचे पैसे तर अहवाल मंजूर झाल्यावर हातात येतात. ज्यांच्याकडे आधीच पैसे आहेत त्यांना हे चालतं. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीत वर्षाच्या ऐंशी हजारांपैकी वीस हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. कल्पना उत्तम, पण त्यासाठी बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असावं लागतं. दहावीपर्यंत उर्दूत शिकून अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकं हातात आलेली, संध्याकाळी मेंदीचे कोन भरणारी मुलगी त्या एक टक्क्यात कशी बसेल? ती कच्ची आहे म्हणून नाही, तिचा वेळ विकला गेलेला आहे म्हणून.

आणि मानधनाचा आणखी एक अर्थ मला या खटपटीत कळला, तो कुठल्या अभ्यासात वाचलेला नाही. मी तिच्या घरी गेले. "बंगळुरूला, दो महिने, अकेली?" म्हणून अब्बांनी मान हलवली. अम्मी तर बोलेचनात. मग मी सांगितलं, की तिथे राहायला वसतिगृह असतं आणि महिन्याला पैसे मिळतात. अब्बा जरा सरळ बसले. "मतलब नोकरी है?" म्हणाले. बिनपगारी काम म्हणजे मुलीची हौस, आणि हौसेसाठी तिला घराबाहेर पाठवायला कुठलं घर तयार होतं? पगारी काम म्हणजे जबाबदारी. ज्यांना मानधन ही चैन वाटते त्यांनी एकदा अशा घरात बसून यावं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही अर्ज भरायला बसलो. काय संशोधन करायचं आहे ते इंग्रजीत थोडक्यात लिहायचं होतं. तिनं पहिल्यांदा लिहून आणलं ते सगळे लिहितात तसं, लहानपणापासूनचं स्वप्न, नामवंत संस्था, देशसेवा. मी ते बाजूला ठेवलं आणि म्हटलं, उर्दूत सांग, मराठीत सांग, तुला नक्की काय बघायचंय? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "टीचर, आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. आम्ही पिंपात भरून ठेवतो. पहिल्या दिवशीच्या पाण्यात आणि चौथ्या दिवशीच्या पाण्यात काय काय वाढलेलं असतं, ते मला बघायचंय. भावाला दोनदा कावीळ झाली." तेच लिहिलं. इंग्रजी मी आणि माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मिळून तपासलं, विचार सगळा तिचा. ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी येतं, त्यांच्या मुलीला हा प्रश्न पडणारच नाही.

शिफारसपत्रासाठी तिला तीन चकरा माराव्या लागल्या. तिच्या विभागातल्या एका सरांनी सांगितलं, की अशी पत्रं आम्ही टॉपरलाच देतो, नाहीतर कॉलेजचं नाव खराब होतं. शेवटी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका मॅडमनी लिहून दिलं. त्यांची स्वतःची नोकरी वर्षावर्षाची.

थोडं आपल्या लोकांबद्दलही बोलते. दर जूनमध्ये आपल्याकडे गुणगौरव समारंभ होतात. मंडप, शाली, ट्रॉफ्या, भाषणं, शेवटी बिर्याणी. सूत्रसंचालन बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं, त्यामुळे दोष द्यायचा तर आधी मलाच. दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीला आपण ट्रॉफी देतो, आणि तीच मुलगी बी.एस्सी.ला गेल्यावर कुठे आहे हे विचारत नाही. या डिसेंबरमध्ये आमच्या इथल्या एका कमिटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, ट्रॉफ्यांचे पैसे वाचवून एक छोटा फंड ठेवूया. ज्या मुलाला किंवा मुलीला अशी फेलोशिप मिळेल, तिला तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खर्च आपण आधी द्यायचा, मानधन आलं की तिनं परत करायचा. एका बुजुर्ग सदस्यांनी विचारलं, परत नाही केला तर? मी म्हटलं, ट्रॉफी कुणी परत करतं का? सगळे हसले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला आहे. मी तो पुन्हा काढणार आहे.

यादी अजून लागलेली नाही. देशभरातून अर्ज येतात, तेव्हा तिचं नाव येईलच असं मी तिला सांगितलेलं नाही. काल तिचा फोन आला. मे महिन्यातल्या तीन लग्नांची विचारणा आली होती, मेंदीच्या ऑर्डरी घेऊ की नको? मी म्हटलं, घेऊन ठेव, पण ॲडव्हान्स घेऊ नकोस.