वसुलीचें पत्र आणि न्यायालयाचें पत्र

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. सुनेच्या बाळंतपणासाठीं त्या इंग्लंडांत मुलाकडे गेल्या आहेत. एके दिवशीं दाराच्या फटींतून आंत पडलेलें पाकीट त्यांनीं उघडलें, आणि त्यांचें धाबें दणाणलें. वर तांबड्या अक्षरांत 'अखेरची सूचना'. खालीं मुलाचें नांव, १७० पौंडांचें देणें आणि न्यायालयाची धमकी. मुलास विचारलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "आई, अशीं कितीतरी पत्रें मीं न वाचतां टोपलींत टाकलीं आहेत." भगिनी लिहितात, "आमच्या घराण्यांत कोणीं कोणाचें दिडकीचें देणें ठेविलें नाहीं. मुलगा तर लवकरच घरासाठीं कर्ज काढणार आहे. त्याच्या नकळत पैसे भरून मोकळें व्हावें, असें मनांत येतें. काय करूं?"

आमच्या मतें येथें मायलेक दोघेंही चुकत आहेत. आईस प्रत्येक पत्र म्हणजे जप्तीचा हुकूम वाटतो. मुलास प्रत्येक पत्र म्हणजे रद्दी वाटते. पत्र कोणाचें, हें मात्र दोघांनींही पाहिलें नाहीं.

प्रथम या देण्याचें मूळ पाहूं. मुलाची मोटार एका दुकानाच्या खासगी आवारांत ठरलेल्या वेळेहून अधिक उभी राहिली. कॅमेऱ्यानें तिचा नंबर टिपला, आणि आवाराची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीनें १०० पौंड मागितले. हा सरकारी दंड नव्हे, गुन्हा तर नव्हेच. आवारांतील फलकावर लिहिलेल्या अटी हा करार, आणि त्याच्या भंगाबद्दलची ही मागणी. नगरपालिकेचा दंड ही गोष्ट निराळी. त्याची वसुली निराळ्या कायद्यानें होते व ती फार लवकर दाराशीं येते. म्हणून पाकिटावरील नांव आधीं वाचावें.

खासगी मागणी म्हणून ती पोकळ, असें मात्र समजूं नये. चेम्सफर्ड येथील एका बाजाराच्या आवारांत मोटार दोन तास फुकट उभी करतां येत असे. बीव्हिस नांवाच्या गृहस्थांची मोटार तेथें ५६ मिनिटें अधिक राहिली. ८५ पौंडांच्या मागणीविरुद्ध ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि नोव्हेंबर २०१५ मध्यें हरले.

उलटपक्षीं कंपनीसही नियम आहेत. इंग्लंड व वेल्स येथील २०१२ च्या कायद्यानें गाडी चालविणाऱ्याचें नांव ठाऊक नसल्यास तिच्या नोंदलेल्या धन्याकडून पैसे मागतां येतात; परंतु गाडीवर चिठ्ठी न लावतां केवळ टपालानें नोटीस धाडली असेल, तर ती मोटार उभी केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आंत पोंचली पाहिजे. नोटीस हातीं येतांच कंपनीकडे तक्रार करावी, आणि तिनें ती फेटाळली तर तिच्या संघटनेनें नेमलेल्या स्वतंत्र मंडळाकडे अपील करावें. तेथील मुदत मात्र थोडी असते.

आतां वसुलीचें पत्र. कंपनी पैसे मिळेनात म्हणून हें काम एखाद्या पेढीकडे सोंपविते. पेढी वर ७० पौंड चढविते आणि तांबडी शाई वापरते. या पेढीस कायद्यानें कसलाही विशेष अधिकार नाहीं. ती घरांत शिरूं शकत नाहीं, वस्तूस हात लावूं शकत नाहीं. बेलिफ येतो तो न्यायालयाचा निकाल झाल्यावर व तरीही पैसे न दिल्यास, त्यापूर्वीं नव्हे. अशा पत्रास एकदां सभ्य शब्दांत, "मागणी मान्य नाहीं, कारणें अमुक," असें उत्तर द्यावें आणि प्रत ठेवावी.

परंतु एक दिवस निराळें पाकीट येतें. त्यांत दावा लावण्यापूर्वींची रीतसर सूचना व उत्तराचा छापील नमुना असतो. २०१७ पासूनच्या नियमांप्रमाणें त्यास ३० दिवसांची मुदत असते. त्यानंतर येतें तें खुद्द न्यायालयाचें समन्स. त्याची पोंच १४ दिवसांत दिल्यास कैफियतीस एकूण २८ दिवस मिळतात. उत्तरच न दिलें तर एकतर्फी हुकूमनामा होतो. त्याची रक्कम महिन्याच्या आंत पूर्ण न भरल्यास नोंद सहा वर्षें राहते, आणि घरासाठीं कर्ज देणारी बँक तीच नोंद आधीं पाहते. बिऱ्हाड बदलून मोटारीच्या नोंदणींतला पत्ता न बदलणाऱ्यांवर असा हुकूमनामा पुष्कळदां त्यांच्या नकळत होतो.

म्हणून आम्हीं भगिनींस तांतडीनें कळविलें कीं, पैसे भरूं नका. टोपलींतलीं सारीं पाकिटें काढून तारीखवार मांडा. त्यांनीं तीं मुलासमोर मांडलीं. तीन वसुलीचीं निघालीं. पहिली नोटीस मोटार उभी केल्यावर २३ व्या दिवशीं आलेली होती. आणि एक न फोडलेलें पाकीट निघालें, साधें, पांढरें, तांबड्या अक्षराशिवाय. दाव्याची सूचना तीच. तिचे ११ दिवस उलटून गेले होते.

त्या रात्रीं मुलगा हंसला नाहीं. सूनबाई बाळास घेऊन शेजारीं बसल्या, आणि त्यानें नमुना भरला. नोटीस उशिरां आल्याचें त्यांत लिहिलें, चढविलेले ७० पौंड कशाचे, हें विचारलें. निकाल अद्याप कळलेला नाहीं. तो विरुद्ध लागला, तर पैसे महिन्याच्या आंत भरावयाचे, असें मायलेकांनीं ठरविलें आहे.

देणें खरें असेल तर तें फेडणें ही अब्रू. खोटें असेल तर तें नाकारणें हीही अब्रूच. परंतु पत्र न वाचतां भिणें किंवा न वाचतां फेंकणें, यांत अब्रूही नाहीं आणि शहाणपणही नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं पुढच्या वेळीं बोलतांना एवढेंच विचारावें: "टपाल फोडतोस ना, बाळ?"