बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका

खोकल्याला दोन आठवडे झाले असतील तर आजच दवाखाना गाठा. संध्याकाळी अंगात कणकण येते, रात्री घामाने उशी भिजते, पँट कमरेत सैल व्हायला लागली आहे, यातलं काही सोबत असेल तर सुट्टीच्या वाराची वाट पाहू नका. बेडक्यात रक्त दिसलं तर दोन आठवडेही मोजत बसू नका.

भोसरीत, तळवड्यात, चाकण-महाळुंग्याला कामाला असणारी माणसं खोकल्याचं खापर लगेच धुळीवर फोडतात. ते अगदीच खोटं नाही. पण फाउंड्रीतल्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत बसली, की टीबीच्या जंतूंना तिथं घर करणं सोपं जातं. म्हणजे धुळीत काम करणाऱ्याने निर्धास्त राहायचं नाही, उलट इतरांच्या आधी तपासून घ्यायचं.

दुसरी एक सवय मोडा. मेडिकलवाल्याला सांगून ‘जरा स्ट्राँग’ गोळी घेण्याची. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी टीबीच्या जंतूंनाही थोडीफार लागू पडते. चार दिवस बरं वाटतं, रोग ओळखायचा राहून जातो, आणि जंतू त्या औषधाला सरावतात. साधी औषधं चालेनाशी झाली की याच जातीच्या औषधांकडे वळावं लागतं. मग ती आधीच वाया गेलेली असतात.

पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे. भोसरी, थेरगाव, आकुर्डीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारी ठिकाणी टीबीची तपासणीही फुकट आणि औषधंही फुकट. तिथं डॉक्टरांना नीट विचारा, “सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल का?” यातलं ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे. ही तपासणी दोन गोष्टी सांगते. टीबी आहे की नाही, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध तुमच्या जंतूंवर चालेल की नाही. दुसरं उत्तर विचारल्याशिवाय उठू नका.

डबीत तोंडातली थुंकी देऊ नका. सकाळी चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खाकरून काढलेला बेडका द्या. पुष्कळांची तपासणी इथंच फसते.

साधा टीबी निघाला तर रोज गोळ्या, सहा महिने. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, घाबरू नका. मात्र पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. या औषधामुळे त्यांचा भरवसा राहत नाही.

आता खरी अडचण. ती पहिल्या आठवड्यात येत नाही, दुसऱ्या महिन्यात येते. ताप गेलेला असतो. भूक लागते. वजन वाढतं. खोलीवरची मंडळी म्हणतात, आता कशाला रोज मूठभर गोळ्या? थर्ड शिफ्ट लागते, दिवसा झोप, गोळीची वेळ चुकते. मग एक दिवस, मग आठवडा.

हराळी वरवर खुरपली की शेत चार दिवस स्वच्छ दिसतं, मुळी तशीच असते. गोळ्यांचंही तेच. मऊ जंतू आधी मरतात, चिवट मागे राहतात. तुम्ही गोळ्या सोडल्या की ते चिवटच वाढतात, आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत. याला डॉक्टर एमडीआर टीबी म्हणतात, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधं निकामी झालेला टीबी. तो तुमच्या खोकल्यातून घरात पसरला, तर कधीही गोळी न चुकवलेल्या माणसालाही पहिल्यापासून तसाच होतो.

ही गोष्ट नवी नाही. पिंपरीतली ‘एचए’ कंपनी तुम्हाला ठाऊक आहे. १९५४ साली उभी राहिलेल्या या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आधी पेनिसिलिन आणि साठच्या दशकात टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. टीबीला मारणारं हे पहिलंच औषध, १९४३ सालचं. पण ते एकटं दिलं की रोगी काही महिने सुधारत आणि मग पुष्कळांचे जंतू त्याला जुमानत नसत. इंग्लंडमधल्या चाचणीत १९४८ सालीच हे दिसलं होतं. म्हणून तर तुम्हाला तीन-चार औषधं एकत्र देतात. त्यातली एखादी आपल्या मनाने गाळू नका.

दोष नेहमी रोग्याचाच असतो, असंही मी म्हणणार नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस जवळजवळ कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रोगी जगापुढे आणले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. त्यांनी ६३ तऱ्हांची औषधयोजना लिहिली. बरोबर निघाल्या फक्त सहा चिठ्ठ्या.

तेव्हा खासगी डॉक्टरकडे जायला हरकत नाही, पण एक प्रश्न जरूर विचारा. “माझी निक्षयवर नोंद केली का?” निक्षय म्हणजे टीबीच्या रोग्यांची सरकारी नोंदणी. टीबीच्या प्रत्येक रोग्याची सरकारकडे नोंद करणं २०१२ पासून डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंद झाली की तुम्हाला निक्षय क्रमांक मिळतो. तो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला लिहून द्या.

याचा उपयोग गावी जाताना होतो. या पट्ट्यातल्या खोल्यांवर बीड, लातूर, नांदेडची पुष्कळ माणसं आहेत, तशीच बिहार, उत्तर प्रदेशचीही. गणपती, दिवाळी, छठ, लग्नसराई, आणि गोळ्या खोलीवरच राहतात. जायच्या आधी टीबीच्या कर्मचाऱ्यांना सांगा. गोळ्या बरोबर देतात, किंवा तोच क्रमांक सांगून गावाकडच्या आरोग्य केंद्रातून घेता येतात. काम सुटलं, खोली बदलली तरी हेच करा. नुसतं निघून जाऊ नका.

आणि शेवटची पट्टी उघडेपर्यंत थांबू नका. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर सरकारी गोळ्यांचा तुटवडा पडला होता. ती चूक सरकारची, पण खाडा पडतो तो तुमच्या औषधात. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणायला जा.

एमडीआर निघालाच, तर हातपाय गाळू नका. पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं चालत, आणि महिनोन्‌महिने घ्याव्या लागणाऱ्या इंजेक्शनांनी काहींचे कान कायमचे गेले. आता बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. तो प्रत्येकाला चालत नाही. गरोदर बाईला, लहान मुलाला वेगळी औषधं लागतात. तुम्हाला काय लागू पडेल ते डॉक्टर ठरवतील.

ही औषधं जड आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मळमळतं. तळपायाला मुंग्या येतात. छातीत धडधडलं, अंधूक दिसू लागलं, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. गोळी बदलायची की थांबवायची ते त्यांना ठरवू द्या. दारू मात्र पूर्ण बंद. यकृतावर आधीच बोजा असतो.

पैशांचं पाहा. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. पासबुक पहिल्याच दिवशी द्या. या पैशातून अंडी, डाळ, शेंगदाणे येऊ द्या. पगारातून ईएसआय कापली जात असेल, तर ठेकेदाराकडच्या माणसालाही आजारपणाची भरपाई मिळते. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारात ती पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी झालेली असावी लागते. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे, तिथं कार्ड घेऊन जा. ठेकेदार ‘बघू’ म्हणाला तरी तुम्ही स्वतः जा.

घरातल्या सगळ्यांची आणि खोलीतल्या सोबत्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना रोग नाही, त्यांनाही तो होऊ नये म्हणून डॉक्टर गोळ्या देऊ शकतात. लहान मुलांबाबत तर हयगय नको. लहानपणी बीसीजी टोचली आहे म्हणून मोठेपणी टीबी होत नाही, असं नसतं.

ताट-वाटी वेगळी काढू नका. टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडा. खोकताना तोंडावर रुमाल धरा, सुरुवातीला मास्क लावा. एका खोलीत पाच कॉट असतील तर रोग्याची कॉट खिडकीशी घ्या.

काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा फुकट नंबर आहे.

खोलीमालकांनाही एक विनंती. भाडेकरूला टीबी निघाला म्हणून त्याला बाहेर काढू नका. तो पुढच्या गल्लीत दुसरी खोली घेईल, आणि तिथं कुणाला सांगणार नाही.