ऑडॅसिटी विकली गेली, म्हणजे नेमके काय विकले गेले?

१/ १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी या विद्यार्थ्याने प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांच्यासह ध्वनिसंपादनाचे एक सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. मे २००० मध्ये ऑडॅसिटी जगापुढे आली.

२/ परवाना जीपीएल. कोणीही ती वापरावी, तिचा सोर्स कोड वाचावा, बदलावा, प्रती वाटाव्यात. अट एवढीच, की वाटलेल्या प्रतीवरही हेच हक्क कायम राहावेत. पुढील वीस वर्षे स्वयंसेवकांनी तिच्यात भर घातली. ज्याने जो भाग लिहिला, त्याचा स्वामित्वहक्क त्याच्यापाशीच राहिला. हा तपशील रुक्ष खरा, पण पुढील सारे नाट्य त्याच्यावरच उभे आहे.

३/ एप्रिल २०२१ च्या अखेरीस म्यूज ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी घेतली. कोड तर आधीच सर्वांना खुला होता. कंपनीच्या हाती आले ते नाव आणि प्रकल्पाची सूत्रे.

४/ मे महिन्यात गूगल व यांडेक्सच्या सेवांमार्फत वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला आणि विरोध होताच मागे घेतला गेला. जुलैमधील गोपनीयता धोरणात १३ वर्षांखालील मुलांनी हे सॉफ्टवेअर वापरू नये, असे कलम निघाले. जीपीएलखालील वस्तूवर असे बंधन! 'हेरगिरी'चा आरोप झाला, टेनॅसिटी नावाची स्वतंत्र शाखा फुटली, कंपनीने दिलगिरी व्यक्त करून मसुदा सुधारला. आरोप अतिरंजित होता. पण लोकांच्या स्मरणात तोच राहिला.

५/ त्याच गदारोळात एक अधिक दूरगामी गोष्ट झाकली गेली: योगदानकर्त्यांचा करार. स्वामित्वहक्क लेखकाचाच, परंतु त्याचा कोड अन्य परवान्यांखालीही वापरण्याची मुभा कंपनीला. कारणे दिली गेली ती खोटी नव्हती: जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीकडे जाणे, काही ॲप-दुकानांच्या अटी. तरीही व्यवहार एकतर्फी होता. स्वयंसेवक जीपीएलने बांधलेला; कंपनी त्याच्या कोडपुरती मोकळी.

६/ पैसा येणे हाच दोष मानणे अन्यायाचे होईल. २०२२ मध्ये ऑडॅसिटी ३.२ ने ध्वनी वाजत असतानाच परिणाम लावण्याची सोय दिली. एवढे काम पगारी हातांविना होणे कठीण होते. पॉल डेव्हिस यांच्या आर्डरचा सोर्स कोड खुला, पण तयार प्रतीला पैसे पडतात. २००९ मध्ये ध्वनिमिश्रणाचे कन्सोल बनविणाऱ्या हॅरिसनने आर्डरवरच मिक्सबस उभारले. आपली ध्वनिप्रक्रिया कंपनीने बंद ठेवली, आर्डरपासून आलेला भाग मात्र खुला राहिला. कोणते कोणाचे, ही सीमा तेथे ठळक होती.

७/ ऑडॅसिटीत ती सीमा करारावरील सहीने पुसट झाली. जीपीएलखाली प्रसिद्ध झालेला कोड आता कोणी परत घेऊ शकत नाही. उद्याच्या कोडबाबत तसे म्हणता येत नाही. तो कोणत्या परवान्याखाली निघेल, हे ठरविण्याची मुभा आता कंपनीच्या हाती आहे.