हॉटेलाचे बाक आणि देवळाची पंगत

आमच्या समाजाच्या वार्षिक सभांतून गेली कित्येक वर्षे एक भाषण नेमाने ऐकावे लागते. वक्ता बदलतो, भाषण मात्र तेच राहते. तरुण पिढी घरचे अन्न सोडून बाजारातल्या हॉटेलांच्या वाटेला लागली. कोणाच्या हातचे, कोणत्या भांड्यातले, कोणाच्या शेजारी बसून खावे याचा विधिनिषेध उरला नाही. पूर्वीची माणसे प्रवासाला निघाली तर पडशीत दशम्या बांधून घेत, आणि आता दोन घटका पोट रिकामे राहिले की जो तो खडेबाजारातल्या गाड्यापुढे उभा, असा त्याचा मथितार्थ असतो. बेळगावात भरलेल्या अशाच एका बैठकीत हे भाषण अलीकडे पुन्हा झाले. टाळ्याही पडल्या. टाळ्या थांबल्यावर मंडळींना चहा आणि बटाटेवडे देण्यात आले, ते समोरच्या हॉटेलातून मागविलेले होते. वक्त्यांनी दोन घेतले.

वड्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या भाषणाबद्दल आहे, आणि ती आता छापून मांडण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

प्रथम एक गोष्ट मान्य करून बाजूला ठेवतो. बाजारातले तेल पुनःपुन्हा तापविलेले असते, पेले एकाच बादलीत बुचकळले जातात, आणि उघड्यावरच्या चटणीवर रस्त्याची धूळ बसते. हे आक्षेप खरे आहेत. त्यांची दाद नगरपालिकेकडे मागावी. परंतु सभेतला वक्ता जेव्हा ‘कोणाच्या हातचे’ असे विचारतो, तेव्हा तो हात साबणाने धुतला होता काय ही त्याची पृच्छा नसते, हे तुम्हांआम्हांस पक्के ठाऊक आहे.

संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली या भागातून एकदा हिंडून पाहावे. कढईत मिरची-भजी फुलत असतात. कोठे मिसळीचा कट उकळत असतो, कोठे धारवाड-हुबळीकडून आलेले गिरमिट कालवले जात असते, तर पलीकडे उडुपीकडच्या स्वयंपाक्यांनी सर्व देशाला लावलेली इडली-दोशाची चटक आपले काम करीत असते. लांबट बाकावर कापडदुकानातला मराठी गुमास्ता बसलेला असतो. त्याच्या कोपराला कोपर लावून बैलहोंगलकडचा कन्नड शेतकरी, त्याच्या पलीकडे मालाच्या गाड्या ओढणारा हमाल, आणि टोकाला पुस्तके मांडीवर घेतलेल्या कॉलेजच्या दोन मुली. विचारणा एका भाषेत होते, उत्तर दुसऱ्या भाषेत येते, आणि सुटे पैसे मोजताना तिसरीच कोणती तरी, दोहोंच्या मिश्रणाची, भाषा कानी पडते. याच शहरावरून 1956 साली राज्यपुनर्रचना झाल्यापासून तंटा चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. 2004 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1 नोव्हेंबर 2014 रोजी गावाचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले. दुकानांच्या पाट्यांना कितीदा काळे फासले गेले याची तर गणतीच नाही. पाटीखालून आत शिरलेली माणसे मात्र एकमेकांना सरकून जागा देतात. सीमाप्रश्नावर माझे मत आहे आणि ते मी लपविलेले नाही; पण त्या मतापायी हे बाक मला दिसेनासे झालेले नाही.

तिकडे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर फलाफल नावाचा एक पदार्थ आहे. भिजविलेले हरभरे वाटून, त्यांत कोथिंबीर, लसूण, जिरे घालून तळलेले गोळे. आमच्या डाळवड्याचे चुलतभाऊच म्हणा ना. ईजिप्तमध्ये तेच वाल-पावट्याच्या जातीच्या कडधान्याचे करतात. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांमुळे तो आता सहज मिळतो. हा पदार्थ मुळात कोणाचा यावरून अरब आणि इस्राएली यांच्यात हिरिरीने वाद चालतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या बाजाराची आठवण झाली. जमिनीचा तंटा आमच्याकडेही आहेच, परंतु भज्यांच्या मालकीवरून अद्याप कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. एवढे तरी आपले नशीब चांगले.

आता कोणी म्हणेल, लेखक हॉटेलवाल्यांची आरती ओवाळू लागला. तसे नाही. हे बाक पहिल्या दिवसापासून सर्वांचे नव्हते. बंगळुरात 1924 साली सुरू झालेले आणि पुढे मावळ्ळी टिफिन रूम म्हणून नावारूपास आलेले उपाहारगृह आरंभी ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ या नावाने चाले. मद्रासेत हॉटेलाच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द पुसावा म्हणून पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना 1957 सालीही सत्याग्रह करावा लागला. आमच्या टापूतही खानावळींच्या पाट्यांवर जातींची नावे झळकत असत, आणि गावोगावच्या चहाच्या दुकानांत अस्पृश्यांसाठी फुटक्या कानाची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. ज्यांनी ती पाहिली ती वृद्ध माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारावे.

मग हे बाक मोकळे झाले कसे? निपाणीपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर कोल्हापूर आहे. तेथील संस्थानाच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे एक नोकर होते. सवर्ण नोकरांच्या हौदातील पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि कांबळ्यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. त्यांनी भर शहरात चहाचे दुकान मांडले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास कोण येणार? कोणीच येईना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा मागविला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावला. त्या सरदारांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. जाहीरनामे महाराजांनी पुष्कळ काढले होते, परंतु एका पेल्याने जे समजले ते जाहीरनाम्यांनी समजावयास वेळ लागला असता. पुढे एप्रिल 1925 मध्ये निपाणीतच प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजी कीर यांच्या द्रव्याने 1931 साली पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि 1933 साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. हिंदूंपाशी ते थांबले, ही त्याची मर्यादा. तरी देऊळ बांधणाऱ्यांना त्याच्या जोडीस हॉटेल काढावेसे वाटले, ही गोष्ट देवळांच्या विश्वस्तांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. शेवटी 1950 साली अमलात आलेल्या संविधानाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत जातिभेदास मज्जाव केला, आणि 1955 च्या कायद्याने तो दंडनीय ठरविला.

तेव्हा जे बाक आज आपल्याला भ्रष्टाचाराचे प्रतीक म्हणून दाखविण्यात येते, त्याच्यासाठी माणसांनी मार खाल्लेला आहे.

आणि हा इतिहास आम्ही सारस्वतांनी तरी विसरू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने देवांना घेऊन आमचे पूर्वज साष्टीतून अंत्रुजात गेले. कोणी कारवारकडे उतरले, कोणी घाट चढून बेळगाव-शहापुरात आले. त्या पळापळीत कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या भांड्यातले, कोणत्या पानावर जेवलो याची वही कोणी ठेवली आहे काय? घाटावर आल्यावर इतर ब्राह्मणांनी आम्हांला पंक्तीला घेण्यास नकार दिला. मासे खाता म्हणून त्रिकर्मी ठरविले. या ‘त्रिकर्मी की षट्कर्मी’ वादात आमच्या विद्वानांनी किती शाई खर्च केली! पंक्तीबाहेर बसण्याचे दुःख काय असते ते सांगणारे ग्रंथ आमच्याच कपाटांत आहेत. पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य माजले आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले, ही कथा आपण आज हसत हसत सांगतो. हसण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण आता जे सांगावयाचे आहे ते माझ्या स्वतःच्या लज्जेचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कुटुंबीय गोव्यात एका देवस्थानी अभिषेकासाठी गेलो. निपाणीहून आजरा, आंबोलीमार्गे भाड्याची गाडी केली होती. चालक निपाणीचाच, पन्नाशीचा, तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालविलेल्या आईबापांचा मुलगा. पहाटे तीनला उठून त्याने आम्हांला घाट सुखरूप उतरविले. देवळात शिरताना त्याने स्वतःच्या पैशांनी नारळ घेतला, आरतीला हात जोडून उभा राहिला, आणि देवाने त्याला काही अडविले नाही. मग पाने मांडली गेली. तो माझ्या शेजारच्या पानावर बसू लागला. वाढप्यांवर देखरेख करणारे एक वृद्ध गृहस्थ आले, त्यांनी आस्थेने नाव विचारले, गाव विचारले, आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, “तूं भायर बस.” आवाज चढला नाही, कपाळावर आठीही नाही. चालक उठला. “साहेब, तुम्ही जेवा, मी गाडीपाशी आहे,” असे मलाच सांगून गेला.

आणि मी जेवलो. उठून त्याच्याबरोबर जावे हे मला सुचले नाही असे नव्हे, सुचले. अभिषेकाच्या दिवशी पान सोडून उठणे बरे दिसणार नाही, पत्नीचे मामा काय म्हणतील, असले विचार करीत मी खीरदेखील दुसऱ्यांदा घेतली. परतताना रात्री निपाणीत शिरल्यावर त्यानेच गाडी एका साध्या हॉटेलापुढे उभी केली. आम्ही सगळे एका टेबलाशी बसलो. पोऱ्याने पुसलेल्या ओल्या फळीवर मिसळीच्या बशा आल्या. नाव, गाव, आडनाव कोणी विचारले नाही. कट आणखी हवा काय एवढेच विचारले. पैसे देण्यास मी खिशात हात घालीपर्यंत त्याने गल्ल्यावर पैसे ठेवले होते.

हा प्रकार मी पुढे दोघा-तिघा महाजनांच्या कानावर घातला. एकाने सोवळ्याचा आधार घेतला. सोवळे पाळावयाचे तर ते नैवेद्य शिजविणाऱ्याने चुलीपाशी पाळावे. जेवणाऱ्यांच्या रांगेत प्रवासाच्या कपड्यांनी बसलेला मी सोवळ्यात होतो काय? दुसऱ्याने कायद्याचा आधार घेतला. आमची देवस्थाने ही महाजनांची, 1933 च्या पोर्तुगीज नियमावलीपासून त्यांचा कारभार आमच्याकडे. समाराधना ही आमची खाजगी बाब. तिसरा याहून जाणता निघाला. त्याने मुल्कीच्या श्रीवेंकटरमण देवस्थानाचा 1957 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. ते देवस्थान गौड सारस्वतांचे. विश्वस्तांचे म्हणणे होते की इतरांना प्रवेश देण्याचे बंधन आमच्यावर नाही. न्यायालयाने सर्व हिंदूंना दर्शनाचा हक्क दिला, मात्र काही विवक्षित विधींच्या वेळी सारस्वतेतरांना दूर ठेवण्याची मुभा राखली. “पाहा,” हे गृहस्थ म्हणाले, “मुभा आहे.”

मुभा आहे, हे खरे. पण न्यायालयाने ती वापरलीच पाहिजे अशी आज्ञा दिलेली नाही. ज्या निकालात आमचे विश्वस्त मुख्य मुद्द्यावर हरले, त्यातली उरलेली फट शोधून तिच्यात पान मांडून बसणे ही धर्मनिष्ठा म्हणावी की आणखी काही? शिवाय विधी म्हणजे विधी. गुरुवाच्या, भटजींच्या, मानकऱ्यांच्या परंपरेने ठरलेल्या सेवांबद्दल मी येथे एक अक्षरही काढलेले नाही. भात, वरण, खतखते वाढणे हा कोणत्या तंत्रातला विधी? अन्न प्रसाद म्हणून वाढता, आणि तो घेणाऱ्याचे आडनाव विचारता. हॉटेलवाला तर अन्न विकतो. त्याला गिऱ्हाईक हवे म्हणून तो विचारीत नाही, त्यात त्याचे पुण्य नाही, असे म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा. पण जे तो लोभाने करतो ते आम्हांला भक्तीने साधू नये काय?

सर्वच देवस्थानांत असे चालते असे मी म्हणत नाही. कित्येक ठिकाणी आता आग्रशाळेत येईल त्याला पान मांडतात आणि कोणी काही विचारीत नाही. तेथील मंडळींना माझा नमस्कार. जेथे चालते तेथे ते उघड पाटी लावून चालत नाही, म्हणूनच ते टिकले आहे. एक वृद्ध, एक मवाळ प्रश्न, आणि माणूस आपणहून उठून जातो. तक्रार कोण करणार? त्या चालकाने केली नाही. मी तर खीर खात होतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. हॉटेलात जाऊ नका हे भाषण आमच्या सभांतून काही काळ बंद ठेवावे. त्याऐवजी समाराधनेचे निमंत्रण काढताना तळाशी एक ओळ छापावी: येणाऱ्या सर्वांची पाने एकाच पंक्तीत मांडली जातील, नाव-गाव विचारले जाणार नाही. ज्यांना ते रुचणार नाही त्यांनी घरी जेवावे, घरचे अन्न उत्तमच असते.

त्या देवस्थानाच्या समितीला मी गेल्या महिन्यात याच आशयाचे पत्र लिहिले आहे, आणि यंदाच्या समाराधनेला त्याच चालकाला घेऊन येत असल्याचेही त्यात कळविले आहे. या वेळी आम्ही दोघे शेजारी बसू, नाही तर दोघेही बाहेर बसू. पत्राची पोच आली. उत्तर अद्याप आलेले नाही.